जाणूनबुजून

४ फेब्रुवारी

ठमे,

या नावानं हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट, शिवाय पुढे 'परिचारिका वसतिगृह' असं सगळं नीट. आत तरी मला माझं लिहू दे.

इकडे थंडी अजून हटत नाही. तुझ्या खोलीचा पडदा धुवायला काढला तर आटून बसला. आता खिडकीवर असा दिसतो, जसा एखादा वाढलेला पोरगा गेल्या वर्षीची पँट घालून उभा. नवा शिवून घ्यावा म्हणते, पण कुणाकडे जायचं ते ठरत नाही.

दुकानात मालकांनी मला आतल्या बाजूला बसवलंय. काउंटरवर एक नवी मुलगी आली. मी चष्म्यांच्या काचा घासते, कडा गुळगुळीत करते, फ्रेममध्ये बसवते. बरं वाटतं. गिऱ्हाइकांशी बोलायचा ताप नाही. मालक म्हणाले, 'तुमच्या हाताला सफाई आहे, ती बाहेर वाया जाते.' भला माणूस आहे.

बाबा ठीक आहेत. सध्या घरीच असतात, थोडी रजा आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पायांची सूज उतरली म्हणे. जिन्यात दिसतात अधूनमधून, पण घाईत असतात.

तू जेवतेस ना वेळेवर? रात्रपाळी असली की तू बिस्किटांवर भागवतेस. तसं करू नकोस.

आई

२१ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. नसेल वेळ. किंवा पहिलं पत्र वाचून तू म्हणाली असशील, ही बाई अजून पडद्यांच्या गप्पा मारतेय.

तर ऐक. रजाबिजा काही नाही. बाबांना निलंबित केलंय आणि त्यांच्यावर खटला उभा राहतोय. वर्तमानपत्रात तू वाचलंच असशील. पण वर्तमानपत्रात ते 'शहराचे अन्न अधिकारी' असतात. मी माझ्या बाजूनं लिहिते.

दुकानात रेडिओ चालू होता तेव्हा मी काउंटरवरच होते. लोकांचे पाय सुजताहेत, दम लागतोय, तेलात काहीतरी आहे, अशी कुजबुज आठवडाभर चालली होती. मग ह्यांचा आवाज आला. 'मी अधिकृतपणे सांगतो, शहरात विकलं जाणारं तेल चोख आहे. निर्धास्त वापरा.' आवाज किती छान येतो गं ह्यांचा रेडिओवर! दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसली. एक म्हणाली, 'सुटलो बाई, तुमच्या यजमानांनी सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला.' मला अभिमान वाटला. लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी तू वॉर्डातून त्यांना फोन केलास, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दुकानात होते. मला कळलं ते तू दारात उभी राहिलीस तेव्हा. पायांत वॉर्डातले पांढरे बूट तसेच. आत ये म्हटलं तर आली नाहीस, दारातूनच बोललीस. 'बाबा, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तेलाचं काही आहे का? तुम्ही म्हणालात, नाही. मी तुमच्या शब्दावर त्या बाईच्या नवऱ्याला सांगितलं, आणा घरचा डबा, खाऊ द्या त्यांना. तो बिचारा रोज तेच तेल घालून करून आणत होता. मी स्वतः भरवलंय आई, माझ्या हातानं.'

तुझ्या वॉर्डातली ती शिवणकाम करणारी बाई. तू दारात आलीस त्याच्या आदल्या दिवशी गेली होती.

बाबा म्हणाले, 'दुसरा अहवाल यायचा होता.' एवढंच म्हणाले. तू जिना उतरलीस आणि मी मूर्खासारखी म्हणत राहिले, अगं मफलर तरी घे.

आई

१५ मार्च

ठमे,

वकील येऊन गेले. उंच, सडपातळ, घरात आल्यावर आधी छत बघणारे. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. मला वाटायचं, खोटं ते खोटं. तसं नाही म्हणे. अधिकाऱ्यानं अन्नाबद्दल जाहीरपणे चुकीचं सांगितलं आणि ते चूक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, तर नोकरी जाते, दंड होतो, पेन्शनला कात्री लागते. ठाऊक असून सांगितलं, तर तुरुंग. आणि त्यात माणूस दगावलं असेल, तर जास्त वर्षं.

'सगळं एका शब्दावर आहे,' वकील म्हणाले. 'जाणूनबुजून.'

तीन माणसं गेली आहेत. त्यातली एक तुझी.

तेल खराब असल्याचा पहिला अहवाल रेडिओच्या आधीच कार्यालयात आला होता हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांचं म्हणणं, तो टेबलावर आला पण मी वाचलाच नव्हता, दिवसभर फोन चालू होते, मोठे साहेब सारखे सांगत होते की घबराट होऊ देऊ नका. मोठ्या साहेबांनी जबाबात सांगून टाकलं, 'घबराट होऊ देऊ नका एवढंच म्हटलं होतं, खोटं बोला असं नाही म्हटलं.' खरंच आहे ते. तसं नव्हतंच म्हटलं.

मग वकिलांनी कप खाली ठेवला. मला म्हणाले, 'वहिनी, तुम्ही साक्षीला उभ्या राहायचं. एवढंच सांगायचं की तुमच्याही घरात तेच तेल चालू होतं. माणूस आपल्या बायकोला विष खाऊ घालेल का? न्यायाधीशांना लगेच पटेल.'

मी कप उचलून आत गेले. विसळून पालथा घातला, मग पुसून जागेवर ठेवला, मग परत काढून विसळला. बाहेर आले तोवर वकील निघायच्या बेतात होते. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

इकडे आता कुणी येत नाही. दुपारी दाराची कडी वाजली की आम्ही दोघंही दचकतो, आणि ते पलीकडच्या घराचं दार असतं.

तुझ्याकडे उकाडा सुरू झाला का?

आई

२ एप्रिल

ठमे,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. लिहायला बसले की लेखणी तिथं येऊन वळसा घालते.

आमच्या घरात ते तेल नव्हतं.

म्हणजे होतं, सगळ्यांच्या होतं तसंच, त्याच गिरणीचं. पण रेडिओच्या आदल्या संध्याकाळी बाबा कामावरून आले, बूट न काढता स्वयंपाकघरात गेले. डबा उचलला, मागच्या गॅलरीत नेला आणि मोरीत ओतला. पिशवीतून दुसऱ्या गिरणीचा डबा काढून ठेवला. मी विचारलं, 'हे काय?' म्हणाले, 'वास येत होता त्याला.' मी रिकाम्या डब्यात नाक घालून पाहिलं. काही वास नव्हता. वाटलं, ह्यांचं नाक कामामुळे तिखट झालंय. दूध पिताना नाही का आधी हुंगतात? दुसऱ्या दिवशी रेडिओ ऐकला तेव्हाही वाटलं की आपल्याच डब्यात काही गडबड असेल. बाई आपल्या नवऱ्याबद्दल असाच विचार करते गं. तू दारात उभी राहून बोललीस, तेव्हा माझ्या डोक्यात तो डबा पहिल्यांदा वाजला.

काल मी त्यांना म्हटलं, 'मी वकिलांनी सांगितलेलं बोलणार नाही.'

ते खिडकीपाशी बसून नखं कापत होते. 'नको बोलूस.'

'तुम्हाला माहीत होतं ना?'

'दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता. दुसरा अहवाल आला असता, मग गुपचूप माल उचलला असता. लोक दुकानं फोडतात अशा वेळी. तू पाहिलं नाहीस कधी, मी पाहिलंय.'

'मी तेल कसं उचलायचं ते विचारत नाही. माहीत होतं का, ते विचारतेय.'

त्यांनी वर्तमानपत्रावरची नखं गोळा केली, पुडी बांधली, उठून केराच्या डब्यात टाकली. येऊन पुन्हा बसले. 'मी वाईट माणूस नाही, एवढं तरी सांगशील?'

मी म्हटलं, 'ते सांगेन. ते खरंच आहे.'

खरंच आहे ते, ठमे. तू लहान असताना भेसळीच्या दुधाच्या घागरी ह्यांनी भर रस्त्यात उपड्या केल्या होत्या, गवळ्यांनी अंगावर धावून जाऊनसुद्धा. तू त्यांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवल्या होत्यास. हाच तो माणूस. तेव्हाच्या आणि आताच्या दोघांना मी शेजारी उभं करून बघते आणि मला मधली शिवण दिसत नाही.

वकिलांना निरोप दिला. ते म्हणाले, बरं, स्वभावाबद्दल बोला फक्त.

आई

२६ एप्रिल

ठमे,

काल माझी साक्ष झाली.

न्यायालय म्हणजे आपल्या टपाल कचेरीसारखंच, फक्त छत उंच. पंखा मध्येच अडतो आणि शिपाई काठीनं ढोसतो. मागच्या बाकावर त्या शिवणकामवाल्या बाईचा नवरा होता. मी ओळखलं नसतं, वकिलांनीच दाखवला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता आणि ती सारखी सरळ करत होता. वरच्या काकूही आल्या होत्या. चपला काढून पाय बाकाखाली घेतले होते.

आमच्या वकिलांनी विचारलं तसं मी सांगितलं. किती वर्षं संसार, कधी कुणाचा पैसा घेतला नाही, घागरींची गोष्टही सांगितली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरकारी वकील उठली. तुझ्याच वयाची असेल, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. कागदही घेतला नाही तिनं.

'त्या आठवड्यात तुमच्या घरी कोणतं तेल होतं?'

आमचे वकील ताडकन उभे. बराच वेळ इंग्रजाळलेलं काहीबाही बोलले. शेवटी न्यायाधीश चष्मा काढून मला म्हणाले, 'बाई, तुम्ही आरोपीच्या पत्नी आहात. त्यांच्या विरुद्ध जाईल असं उत्तर देण्याची कायद्यानं तुमच्यावर सक्ती नाही. देऊ नका, तरी कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.'

मी विचारलं, 'नाही दिलं तर तिथं काय लिहाल?'

'काही नाही. ती जागा कोरी राहील.'

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! खोटं बोलायला नको आणि खरंही नको. गप्प बसून घरी जायचं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. ती फ्रेम मीच निवडलेली, त्यांच्या लांबट चेहऱ्याला शोभेल अशी. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवेनात. चष्म्याशिवाय त्यांना एवढ्या अंतरावरून माझा चेहरा दिसत नाही. मला वाटलं, हे मुद्दामच करतायत. मला मोकळं सोडतायत की स्वतः लपतायत, ते काही कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

आणि मागे तो माणूस टोपी सरळ करत होता.

मी म्हटलं, 'आदल्या संध्याकाळी ह्यांनी घरातलं तेल मोरीत ओतलं आणि दुसऱ्या गिरणीचं आणलं.'

'का, ते सांगितलं?'

'वास येतोय म्हणाले.'

'तुम्हाला आला?'

'नाही.'

तिनं शिंक आवरली आणि खाली बसली. एवढंच.

त्यानंतरचं ऐक. जामिनावर आहेत ना, त्यामुळे आम्ही दोघं एकाच बसनं घरी आलो. त्यांनी दोन तिकिटं काढली. मला खिडकीची जागा दिली, नेहमी देतात तशी. घरी मी अंडी उकडली, पाव भाजला, बटाटे परतले. ते जेवले. बटाट्याचा घास घेऊन म्हणाले, 'मीठ कमी आहे.' मी मीठ पुढे केलं. मग मोरीपाशी जाऊन हात धुतले आणि तसेच नळ सोडून उभे राहिले, बराच वेळ. मी नळ बंद केला.

तू इथं असतीस तर बरं झालं असतं. एरवी मी असं म्हणत नाही.

आई

३० मे

ठमे,

चार वर्षं.

महिन्याच्या सुरुवातीला निकाल लागला. न्यायाधीशांनी तो वाचताना म्हटलं, 'बाजारातला माल लोक पारखून घेतात. अधिकाऱ्याचा शब्द कुणी पारखत नाही, तो सरळ पानात वाढून घेतात. म्हणून त्याला शिक्षा वेगळी.' ह्यांनी मान हलवली, जणू कार्यालयातल्या एखाद्या टिपणीला संमती देतायत. नंतर शिपायाबरोबर निघाले तेव्हा माझ्याजवळ थांबून म्हणाले, 'गॅसची नळी बदलायची राहिलीय. माणूस बोलावून घे, स्वतः नको करूस.' ते आमचं शेवटचं बोलणं.

मी दर भेटीच्या दिवशी जाते. नाव लिहून देते. भिंतीला लागून लोखंडी बाकं आहेत, तिथं बसते. बायका एकमेकींना विचारतात, तुमचे कशात? मी म्हणते, बोलण्यात. त्या हसतात. मग पहारेकरी येऊन सांगतो, 'नको म्हणतायत.' तो आता नजर चुकवतो. मी आणलेले कपडे देते, मागचे धुवायचे घेते. बाहीला त्यांचा वास असतो. घरी आणून मी ते लगेच भिजवत नाही.

परवा वरच्या काकू जिन्यात थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, 'तुम्ही खरं बोललात.' मी म्हटलं, हो. 'पण ज्याच्या घरात राहता त्याच्याबद्दल...' एवढं म्हणून, कठडा धरून वर गेल्या. सूज उतरली तरी दमानंच चढतात अजून. म्हणजे बघ, खोटं बोलले असते तर तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि खरं बोलून ती मिळाली असं काही झालं नाही.

गॅसची नळी बदलून घेतली.

एकटीसाठी स्वयंपाक करायची सवय नाही ना, अंदाज चुकतो. रोज उरतं. सकाळचं संध्याकाळी, संध्याकाळचं सकाळी. दुकानात जेवणाच्या सुटीत नवी मुलगी माझ्याजवळ येऊन बसायला लागलीय. बोलत नाही फारसं, पण बसते. मला उगाच तिच्या डब्यात डोकावायची खोड लागलीय. काय आणलंस, कुठलं आणलंस. ती म्हणते, मावशी, तुम्ही पोलिसात होता का?

तू लिहीत नाहीस. मी मोजत नाही.

आई

१८ ऑगस्ट

ठमे,

आज ते भेटले.

पहारेकरी धावतच आला, 'चला, या म्हणालेत.' मी सवयीनं कपड्यांची पिशवीच त्याच्या पुढे केली. एवढे दिवस 'नको' ऐकायची तयारी करून जात होते, दुसरी तयारीच नव्हती.

मध्ये काच आहे. ती पुसलेली नाही, कडेला ओरखडे आहेत, मला राहवत नव्हतं. बारीक झालेत. केस कापलेत अगदी बारीक, त्यामुळे कान मोठे दिसतात. बसल्याबसल्या म्हणाले, 'पोरीचं पत्र आलंय.'

मी म्हटलं, 'कुणाच्या पोरीचं?' बघ किती वेड्यासारखं!

'आपल्या.'

तू त्यांना लिहिलंस. मला नाही, त्यांना. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. इतकी पत्रं मी लिहिली, आणि उत्तर भिंतीपलीकडे गेलं. मग त्यांनी तुझं पत्र काचेला लावलं आणि मी वाचलं. पाच ओळी. मायना नाही, बाबा नाही, काही नाही. वसतिगृहातल्या एका मुलीनं दिलेला माशांचा डबा आहे, बंद, तारीख पुढची आहे, पण झाकण वर फुगलंय. दाबलं की टक् असा आवाज येतो. खायला चालेल का? खाली तुझी सही.

'चार दिवस झाले येऊन,' ते म्हणाले. 'मी लगेच उत्तर दिलं. इथं टपाल तपासतात, वेळ लागतो, म्हणून पहारेकऱ्याच्या हातापाया पडलो की हे आजच जाऊ दे. तीन पानं लिहिलीत. आत वायू कसा धरतो, उकळून का भागत नाही, चाखून बघायचं नाही, रस्त्यावर टाकायचा नाही, कुत्रं-मांजर खाईल, सगळं लिहिलं. पण तिनं आधीच उघडला असेल तर?'

रेडिओवर ज्या माणसाचा आवाज एवढासा हलला नव्हता, तो काचेपलीकडे माशांच्या एका डब्यापायी घामाघूम झाला होता. मी म्हटलं, 'हुशार आहे ती.'

'हुशारीचा काय संबंध? तिनं विचारलं म्हणजे तिला माहीत नाही!' मग आवाज खाली आला. 'मागच्या वेळीही तिनं विचारलंच होतं. आणि मला माहीत होतं गं. अहवाल मी वाचला होता. दोनदा वाचला होता. फोन ठेवला आणि जेवायला गेलो.'

सगळा खटला झाला, वकील झाले, चार वर्षांची शिक्षा झाली, तरी हे ते कधी बोलले नव्हते. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी रडेन. मी फक्त काचेच्या खालच्या फटीतून बोट पलीकडे सरकवलं. तेवढंच जातं. त्यांनी ते धरलं. पहारेकरी दुसरीकडे बघत राहिला.

ठमे, वॉर्डात एवढी वर्षं काढलेल्या नर्सला फुगलेला डबा खाऊ नये हे ठाऊक नसेल, असं मला नाही वाटत. तुला उत्तर माहीत होतं. तरी तू विचारलंस, आणि त्यांनाच विचारलंस. हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मी काही बोलले नाही. आणि मला कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे ही जागा मी कोरी ठेवू शकते.

बसमध्ये बसले तोवर तो राग बराचसा उतरला होता. मला नाही लिहिलंस तरी चालेल. त्यांना लिहीत राहा. रागानं लिही, पाच ओळी लिही. दुधाबद्दल विचार, अंड्यांबद्दल विचार. त्यांना दिवस घालवायला तेवढं पुरेल.

पण तो डबा टाकलास ना गं? तेवढं मात्र मला कळव.

आई